दशावतारी प्रयोगांचे ४के संपादन: वीस हजारांत डेस्कटॉपचा प्रोसेसर बदलावा का?

रंगपट (धागाकर्ता)

नमस्कार. सिंधुदुर्गात आमच्या पंचक्रोशीत जत्रांच्या हंगामात होणाऱ्या दशावतारी नाटकांचे चित्रण आम्ही काही मित्र हौसेने करतो. या नाटकांना लिखित संहिता नसते. आख्यान ठरलेले असते, पण संवाद नट रंगमंचावर उभ्या उभ्या रचतात, त्यामुळे एकाच मंडळाचे एकच आख्यान दोन गावांत सारखे होत नाही. म्हणून प्रत्येक प्रयोग पूर्ण आणि चांगल्या दर्जात जतन व्हावा, असा आमचा आग्रह आहे.

एका प्रयोगाचे चित्रण साधारण चार तास भरते आणि ते दोन कॅमेऱ्यांनी होते. एक कॅमेरा समोरून संपूर्ण रंगमंच टिपतो. दुसरा बाजूने नटांचे चेहरे आणि पेटी-पखवाजाची साथ टिपतो. दोन्हींचे चित्रण ४के, सेकंदाला २५ फ्रेम, एच.२६४, ८ बिट आणि सेकंदाला १०० मेगाबिट या वेगाचे असते.

संगणक असा आहे: रायझन ५ २६०० प्रोसेसर, बी४५० चिपसेटचा मदरबोर्ड, १६ जीबी डीडीआर४ रॅम (२६६६ वेगाची एकच पट्टी), जीटीएक्स १०५० टीआय ४ जीबी ग्राफिक्स कार्ड, २४० जीबीची साटा एसएसडी, २ टीबीची हार्ड डिस्क आणि ४५० वॅटचा पॉवर सप्लाय. विंडोज ११ वर डाविंची रिझॉल्व्ह या संपादन सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती वापरतो.

दोन्ही कॅमेऱ्यांचे चित्रण मल्टिकॅममध्ये एकत्र लावले की चित्र अडखळत पुढे सरकते, आवाज पुढे जातो, आणि नेमक्या कोणत्या शब्दावर दृश्य बदलावे हे ठरवता येत नाही. एक प्रयोग तयार व्हायला आठवडे जातात. वर्गणीतून वीस हजार रुपये जमले आहेत. रायझन ७ ५७००एक्स घ्यावा, थोडी कळ सोसून रायझन ९ ५९००एक्स घ्यावा, की मदरबोर्डासकट इंटेलकडे वळावे? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

सातारकर

५७००एक्स. मदरबोर्ड तोच, रॅम तीच, पॉवर सप्लाय तोच. बोर्डावरचे एएम४ सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसवायची जागा, २०१७ पासूनच्या रायझनांना चालते आहे, त्याचा फायदा घ्या.

गणकप्रेमी

सातारकरांच्या उत्तराशी मी बहुतांशी सहमत आहे, परंतु त्याआधी संगणक नेमका कुठे अडतो आहे हे पाहणे आवश्यक आहे. संपादनाचा वेग एकट्या प्रोसेसरवर ठरत नाही.

तुमचे चित्रण एच.२६४ मध्ये आहे. या पद्धतीत प्रत्येक फ्रेम स्वतंत्रपणे साठवलेली नसते. ठरावीक अंतराने एक पूर्ण फ्रेम असते आणि मधल्या फ्रेममध्ये मागच्या-पुढच्या फ्रेमपेक्षा काय बदलले एवढेच नोंदवलेले असते. म्हणून टाइमलाइनवर मध्येच एखाद्या ठिकाणी बोट ठेवले, की संगणकाला आधीच्या पूर्ण फ्रेमपर्यंत मागे जाऊन तिथून सगळ्या फ्रेम उलगडत यावे लागते. फाइल लहान राहते, पण ती लहान ठेवण्याची किंमत संपादनाच्या वेळी मोजावी लागते. दोन कॅमेरे म्हणजे हे काम एकाच वेळी दोनदा.

हे उलगडण्याचे काम करणारा स्वतंत्र भाग तुमच्या १०५० टीआयमध्ये आहे. पण विंडोजवर तो एच.२६४ साठी वापरण्याची सोय रिझॉल्व्हच्या सशुल्क स्टुडिओ आवृत्तीत आहे. मोफत आवृत्तीत हा भार प्रोसेसरवर पडतो. तुमच्या प्रोसेसरच्या सहा गाभ्यांची (कोअरची) दमछाक त्यामुळे होत असावी.

कृपया एवढे करून पाहा. मल्टिकॅम चालू असताना टास्क मॅनेजर उघडा आणि प्रोसेसर, मेमरी, दोन्ही डिस्क आणि ग्राफिक्स कार्ड या प्रत्येकाचा आलेख पाहा. ग्राफिक्स कार्डाच्या पानावर व्हिडिओ डिकोड असा वेगळा आलेख असतो, तोही पाहा. मग एकच कॅमेरा लावून तेच पुन्हा पाहा. त्याआधी पैसे खर्च करू नयेत.

चाफेकळी

मी पुण्यात लग्नसमारंभांच्या चित्रफितींचे संपादन व्यवसाय म्हणून करते. माझा सल्ला वेगळा आहे: आधी प्रॉक्सी बनवा. मूळ फाइलच्या कमी आकारमानाच्या, संपादनाला सोप्या अशा प्रती बनवायच्या, त्यांवर सगळे काम करायचे, आणि अंतिम फाइल काढताना सॉफ्टवेअर आपोआप मूळ चित्रण वापरते. रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीत ही सोय आहे आणि तिला एक रुपयाही लागत नाही.

प्रॉक्सीसाठी डीएनएक्सएचआर एलबी हे स्वरूप निवडा. त्यात प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते, त्यामुळे गणकप्रेमींनी वर्णन केलेली मागे जाण्याची धडपड उरत नाही. प्रॉक्सी रात्री लावून झोपावे, सकाळी काम सुरू करावे. चार तासांच्या प्रयोगात तुम्ही शेकडो वेळा मागे-पुढे जाणार. तिथे वाचणारा वेळ हा खरा वेळ आहे.

टाइमलाइनचे प्रॉक्सी रिझोल्यूशन अर्धे किंवा पाव करण्याचा पर्यायही रिझॉल्व्हमध्ये आहे, पण नावात साम्य असल्यामुळे गोंधळ होतो. त्याने ग्राफिक्स कार्डावरचा भार कमी होतो, एच.२६४ ची फ्रेम मात्र तरीही पूर्णच उलगडावी लागते. तुमचा प्रश्न त्याने सुटणार नाही.

दर्यावर्दी

चाफेकळी यांचा सल्ला योग्य आहे, पण जागेचा हिशोब मांडला पाहिजे.

सेकंदाला १०० मेगाबिट म्हणजे साडेबारा मेगाबाइट, म्हणजे तासाला ४५ जीबी. दोन कॅमेरे, चार तास: ३६० जीबी मूळ चित्रण. २ टीबीच्या डिस्कवर असे पाच प्रयोग मावतील. १०८० आकारमानाची डीएनएक्सएचआर एलबी प्रॉक्सी २५ फ्रेमला सुमारे ३६ मेगाबिट घेते, म्हणजे तासाला १६ जीबी. आठ तासांच्या चित्रणाला १३० जीबी. विंडोज असलेल्या २४० जीबीच्या एसएसडीवर एवढी मोकळी जागा क्वचितच असते.

त्यामुळे प्रॉक्सी हार्ड डिस्कवर ठेवण्याचा मोह होईल. एकाच हार्ड डिस्कवर मूळ फाइल, प्रॉक्सी आणि रेंडर कॅश (सॉफ्टवेअरने बनवलेल्या तात्पुरत्या फाइल) असे सगळे ठेवले, तर आकड्यांत वेग पुरेसा दिसूनही डिस्कचे वाचनशीर्ष सतत इकडून तिकडे धावत राहते आणि अडखळणे परत येते. वीस हजारांतला काही भाग १ टीबीच्या एसएसडीसाठी राखून ठेवा, असे मी आग्रहाने सांगेन.

चाफेकळी

दर्यावर्दी, हिशोब पटला. पैसे येईपर्यंत एक मधला मार्ग आहे. प्रॉक्सी निम्म्याऐवजी पाव आकारमानाची, म्हणजे ९६० बाय ५४० ची करावी. आठ तासांच्या चित्रणाला साधारण बत्तीस जीबी पुरतील. दृश्य कुठे बदलायचे हे ठरवायला तेवढे पुरते. फोकस नीट आहे का, हे पाहायचे असेल तेव्हा तेवढ्यापुरते मूळ चित्रणाकडे जावे; मेनूतून ते एका क्लिकमध्ये होते.

अटलांटिकपार

मी अमेरिकेत राहतो आणि इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमांचे संपादन करतो. माझे मत थोडे निराळे आहे. २०१८ च्या प्रोसेसरवर आणि त्याहून जुन्या ग्राफिक्स कार्डावर आता पैसे घालू नयेत. अॅपलच्या मॅक मिनीमध्ये एच.२६४ आणि एच.२६५ उलगडणारा भाग चिपमध्येच आहे, आणि मॅकवर रिझॉल्व्हची मोफत आवृत्तीसुद्धा तो वापरते. प्रॉक्सीची आवश्यकताच उरत नाही. वापरलेला, एम१ चिपचा मिनी मिळाला तरी पुरे.

गणकप्रेमी

अटलांटिकपार, तांत्रिकदृष्ट्या तुमचे म्हणणे योग्य आहे. भारतात एम४ मॅक मिनी २०२४ मध्ये ५९,९०० रुपयांपासून आला. हे धागाकर्त्यांच्या वर्गणीच्या तिप्पट आहे. वापरलेला एम१ घ्यायचा तर पायाभूत प्रत ८ जीबी मेमरीची, आणि ती नंतर वाढवता येत नाही. चार तासांच्या ४के मल्टिकॅमला ८ जीबी घेऊन बसणे मला पटत नाही. शिवाय साठवणीसाठी बाहेरची डिस्क लागेलच. खिशात साठ-सत्तर हजार असते, तर मीही तोच सल्ला दिला असता.

सातारकर

इंटेलच्या बाजूनेही कुणीतरी बोलले पाहिजे. आय५ १२४००, डीडीआर४ चालणारा एच६१० किंवा बी६६० बोर्ड, आणि असलेलीच रॅम. त्यातले क्विक सिंक (चित्रण उलगडणारा इंटेलचा अंतर्गत भाग) हे एच.२६४ साठी फार चांगले आहे. फक्त एफ अक्षर असलेली १२४००एफ घेऊ नये, कारण तिच्यात अंतर्गत ग्राफिक्स नाही, म्हणून क्विक सिंकही नाही. बाजारात दुकानदार स्वस्त म्हणून तीच पुढे करतात.

गणकप्रेमी

सातारकर, क्विक सिंकबद्दलची तुमची माहिती बरोबर आहे, पण प्रस्तुत प्रकरणात तिचा उपयोग मर्यादित आहे. रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती विंडोजवर ग्राफिक्स कार्डाचा डिकोडर वापरत नाही, तसाच क्विक सिंकचाही लाभ तिथे मिळणार नाही. प्रीमियर प्रो वापरणाऱ्याला मी इंटेलच सुचवले असते. धागाकर्ते रिझॉल्व्हवरच राहणार असतील, तर नव्या बोर्डाचे पैसे ज्या सोयीसाठी मोजायचे ती सोयच बंद राहील.

यातून एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. कोणता प्रोसेसर घ्यावा याचे उत्तर कोणते सॉफ्टवेअर वापरता आणि कॅमेरा काय लिहितो यांवर अवलंबून असते. तुमचे चित्रण ८ बिट ४:२:० (म्हणजे रंगांची माहिती कमी साठवणारे) आहे, जे जवळपास प्रत्येक ग्राफिक्स कार्डाला उलगडता येते. उद्या कुणी १० बिट ४:२:२ चा कॅमेरा आणला, तर एनव्हिडियाच्या २०२५ पूर्वीच्या कार्डांना ते उलगडता येत नाही, एच.२६५ असेल तर इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनचे अंतर्गत ग्राफिक्स किंवा आर्क ए३८० सारखे छोटे कार्ड ते करते. म्हणून नवा कॅमेरा घेताना हा भाग विसरू नये.

तिसरी घंटा

मी नाट्यप्रयोगांच्या चित्रणाशी संबंधित आहे, म्हणून एक मुद्दा मांडतो. प्रोसेसरऐवजी रिझॉल्व्ह स्टुडिओच का घेऊ नये? किंमत २९५ डॉलर, एकदाच. म्हणजे वीस हजारांत थोडी भर घालावी लागेल. पण त्याने असलेल्या १०५० टीआयचा डिकोडर कामाला लागेल आणि मल्टिकॅमचा प्रश्न प्रोसेसर न बदलता सुटेल. त्याहून महत्त्वाचे म्हणजे दशावताराचे चित्रण रात्रीचे, अपुऱ्या प्रकाशातले. चित्रात कण दिसणारच. ते काढण्याचे नॉइज रिडक्शन आणि एलईडी दिव्यांची थरथर काढणारी सोय ही दोन्ही साधने स्टुडिओ आवृत्तीतच आहेत. मोफत आवृत्तीत वापरली तर चित्रावर कंपनीचा शिक्का उमटतो.

वैनगंगा

तिसरी घंटा, विचार चांगला आहे, पण नॉइज रिडक्शन हे ग्राफिक्स कार्डाचे काम आहे आणि कार्डावर मेमरी फक्त ४ जीबी आहे. ४के टाइमलाइनवर ते लावले की ग्राफिक्स मेमरी भरल्याची सूचना येण्याची शक्यता दाट आहे. म्हणजे स्टुडिओ घेतला की पाठोपाठ कार्डही घ्यावे लागेल.

तिसरी घंटा

मान्य. १०८० च्या टाइमलाइनवर काम केले तर निभेल, पण ४के मध्ये जतन करण्याचा त्यांचा आग्रह आहे हे खरे. कणांचा प्रश्न निदान चित्रणाच्या वेळी कमी करता येईल. २५ फ्रेमला शटर एकपन्नासांश ठेवले की आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेवर दिव्यांची थरथर बहुतेक वेळा टळते, आणि शटर त्याहून वेगवान न केल्यामुळे प्रकाशही जास्त मिळतो. कणांनी भरलेले चित्र एच.२६४ ला नीट दाबताही येत नाही. ठरलेल्या १०० मेगाबिटांतला मोठा वाटा ते कणच खातात आणि नटाच्या चेहऱ्यावरच्या रंगरेषा पुसट होतात. संकासुर या असुरपात्राच्या काळ्या पोशाखात हे सर्वांत आधी दिसते.

वैनगंगा

मूळ प्रश्नाकडे वळतो. मी चंद्रपूरला राहतो. इथे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, म्हणून प्रोसेसर निवडताना मी उष्णता आधी पाहतो. ५७००एक्स हा ६५ वॅट वर्गातला आहे, तुमच्या २६०० सारखाच. ५९००एक्स १०५ वॅट वर्गातला आहे आणि पूर्ण भारावर सॉकेटमधून १४२ वॅटपर्यंत घेऊ शकतो. स्वस्त बी४५० बोर्डांवर वीज नियंत्रित करणारा भाग साधा असतो, त्यावर बऱ्याचदा उष्णता वाहून नेणारी धातूची पट्टीही नसते. तासन् तास चालणाऱ्या रेंडरमध्ये असा बोर्ड स्वतःला वाचवण्यासाठी प्रोसेसरचा वेग खाली आणतो. बारा गाभ्यांचे पैसे द्यायचे आणि काम आठांचे घ्यायचे, यात अर्थ नाही.

५७००एक्स सोबत कंपनी पंखा देत नाही. २६०० सोबत आलेला पंखा त्यावर बसतो आणि चालतो, पण कोकणातल्या दमट हवेत आणि बंद खोलीत रात्रभर रेंडर लावणार असाल, तर उभ्या उष्णतानलिकांचा साधा मनोरा पंखा घ्यावा. या प्रोसेसरची कमाल तापमानमर्यादा ९० अंश आहे. रेंडर चालू असताना त्याच्या बरेच खाली राहिलेले बरे.

गणकप्रेमी

वैनगंगांनी दिलेल्या कारणांत आणखी एकाची भर घालतो. गाभे दीडपट केले म्हणून काम दीडपट वेगाने होत नाही. कामाचा जो भाग एकामागून एकच करावा लागतो, तो वेगवाढीला मर्यादा घालतो. जीन अॅमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेले हे तत्त्व संपादनाला अगदी लागू पडते. टाइमलाइनवर मागे-पुढे करताना बारापैकी अनेक गाभे रिकामे बसतात.

५७००एक्सचा खरा फायदा केवळ दोन वाढीव गाभ्यांत नाही. २६०० आणि ५७००एक्स या दोहोंचा मूळ वेग ३.४ गिगाहर्ट्झच आहे, पण कमाल वेग ३.९ वरून ४.६ वर जातो, आणि मधल्या दोन पिढ्यांत प्रत्येक आवर्तनात होणारे कामही वाढले आहे. एएमडीच्या स्वतःच्या दाव्यानुसार झेन २ या पिढीत ते १५ टक्के आणि झेन ३ मध्ये आणखी १९ टक्के वाढले. कंपनीचे दावे सरासरीचे असतात, तरी दिशा खरी आहे.

५७००जी नावाचाही एक प्रोसेसर आहे, आठच गाभ्यांचा. त्यात अंतर्गत ग्राफिक्स आहे, पण तिसऱ्या पातळीची कॅश ५७००एक्सच्या ३२ एमबीऐवजी १६ एमबीच आहे. तुमच्याकडे कार्ड असल्यामुळे तो घेण्याचे कारण नाही.

दर्यावर्दी

रॅमचा मुद्दा राहून गेला. एकाच पट्टीमुळे प्रोसेसर आणि मेमरी यांच्यातली निम्मी वाट बंद आहे. तशीच दुसरी १६ जीबीची पट्टी लावली तर ३२ जीबी होतील आणि दोन्ही मार्ग खुले होतील. पट्ट्या बोर्डाच्या पुस्तिकेत दाखवलेल्या खाचांतच, सामान्यतः दुसऱ्या आणि चौथ्या, लावाव्यात. अलीकडे रॅमचे भाव चढले आहेत, त्यामुळे वापरलेली पट्टी तपासून घेणे हा शहाणपणाचा मार्ग ठरेल.

चाफेकळी

खरेदीविषयी थोडे. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात तापकीर गल्लीत भाव विचारून ठेवावेत, मग ऑनलाइन भावाशी ताडून पाहावे. खोक्यातला प्रोसेसर घेतल्यास कंपनीची तीन वर्षांची हमी मिळते. ट्रे म्हणून सुटा मिळणारा स्वस्त असतो, पण त्याची हमी बहुधा दुकानदारापुरती असते. बिलावर ती लिहून घ्यावी. वापरलेला घेणार असाल, तर एएम४ प्रोसेसरच्या पिना प्रोसेसरच्या पाठीवर असतात हे लक्षात ठेवून भिंगाखाली त्या सर्व सरळ आहेत का हे पाहावे, आणि शक्य असल्यास समोर चालू करून सीपीयू-झेड या तपासणी सॉफ्टवेअरमध्ये नाव आणि गाभ्यांची संख्या पाहावी.

रंगपट

सर्वांचे मनापासून आभार. गणकप्रेमींनी सांगितलेली चाचणी केली. एकच कॅमेरा लावला तर चित्र नीट चालते. दोन्ही लावले की प्रोसेसरचा आलेख शंभर टक्क्यांना टेकतो आणि तिथेच राहतो. ग्राफिक्स कार्डाचा व्हिडिओ डिकोड आलेख शून्यावरच राहिला. मेमरी भरत आली होती, पण पूर्ण भरली नाही. म्हणजे निदान अचूक होते.

नंतर चाफेकळी यांच्या सांगण्याप्रमाणे पाव आकारमानाच्या प्रॉक्सी एसएसडीवर बनवल्या. फरक विलक्षण आहे. दोन्ही कॅमेरे एकत्र, न अडखळता चालतात, आणि नटाने शब्द उच्चारला त्या क्षणी दृश्य बदलता येते. मल्टिकॅमचा प्रश्न एक रुपया न खर्चता सुटला, याचा आनंद शब्दांत सांगता येत नाही.

परंतु दोन कामे अजून संथ आहेत: प्रॉक्सी तयार होणे आणि शेवटी पूर्ण लांबीची ४के फाइल बाहेर काढणे. दोन्ही वेळी प्रोसेसर पूर्ण भारावर असतो. हंगामात लागोपाठ प्रयोग असतात, तेव्हा एकाच्या प्रॉक्सी होईपर्यंत दुसऱ्याचे चित्रण येऊन पडलेले असते. त्यामुळे प्रोसेसर बदलण्याचे कारण अजून शिल्लक आहे, असे आम्हाला वाटते. ५७००एक्स घ्यायचा, उरलेल्या पैशांत १ टीबी एसएसडी, आणि रॅम पुढच्या वर्गणीत, असा विचार आहे. चूक होत असेल तर सांगावे. प्रत्यक्ष बदल करताना काय काळजी घ्यावी, हेही कृपया सांगावे.

गणकप्रेमी

तुमचा क्रम योग्य आहे. प्रॉक्सी बनवणे आणि अंतिम फाइल काढणे ही कामे जास्त गाभ्यांना चांगली वाटून देता येतात. तिथे ५७००एक्सचा उपयोग स्पष्ट जाणवेल. ४५० वॅटचा पॉवर सप्लाय पुरेसा आहे. दोन्ही प्रोसेसर ६५ वॅट वर्गातले आहेत आणि १०५० टीआय ७५ वॅटच्या आत राहते.

बदल करताना पहिली पायरी बायोसची, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या बोर्डावरच्या सॉफ्टवेअरची. तुमच्या बोर्डाच्या नेमक्या मॉडेलचे आणि आवृत्तीचे पान उघडून, प्रोसेसरांच्या यादीत ५७००एक्सपुढे कोणती बायोस लिहिली आहे ते पाहा. हा प्रोसेसर एप्रिल २०२२ मध्ये आला, तेव्हा जुनी बायोस त्याला ओळखणार नाही आणि पडदा काळाच राहील. जुना २६०० बसवलेला असतानाच बायोस अद्ययावत करा. काही बोर्डांच्या नव्या बायोसमधून जुन्या प्रोसेसरांचा आधार वगळला आहे, म्हणून टिपा पूर्ण वाचा. हे काम यूपीएसवरच करावे; बायोस लिहिली जात असताना वीज गेली, तर बोर्ड निकामी होऊ शकतो.

दुसरी पायरी विंडोजची. बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू असेल तर ते आधी स्थगित करा आणि पुनर्प्राप्तीचा क्रमांक कागदावर लिहून ठेवा. सुरक्षेच्या किल्ल्या प्रोसेसरमधल्याच टीपीएम या सुरक्षा भागात असतात. प्रोसेसर बदलला की त्या जातात आणि तो क्रमांक नसेल तर डिस्क उघडत नाही.

वैनगंगा

पंखा काढण्यापूर्वी संगणक थोडा वेळ कामाला लावून गरम करा, मग बंद करून पंखा हलकेच डावी-उजवीकडे फिरवा आणि नंतर वर उचला. सुकलेल्या पेस्टमुळे एएम४ मध्ये प्रोसेसर पंख्याला चिकटून सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. नवीन प्रोसेसर त्रिकोणाची खूण जुळवून नुसता ठेवायचा. तो स्वतःच्या वजनाने बसतो, दाबायचा नाही.

रंगपट

बोर्डाच्या पानावर ५७००एक्सचे नाव आहे आणि त्यासाठीची बायोस उतरवून घेतली आहे. बिटलॉकर आमच्या संगणकावर बंदच आहे, हेही तपासले.

शेवटची शंका. आमच्यातल्या एका मित्राकडे रायझन ३ ३२००जी असलेला बी४५० चाच संगणक आहे. आमचा २६०० विकण्याऐवजी त्याच्याकडे बसवला, तर प्रॉक्सी बनवण्याचे काम दोन्ही ठिकाणी वाटून घेता येईल का?

दर्यावर्दी

कल्पना उत्तम आहे, कारण ३२००जी मध्ये चार गाभे आणि चारच थ्रेड (एकाच वेळी चालू शकणारी कामे) आहेत, तर २६०० मध्ये सहा आणि बारा. पण २६०० मध्ये अंतर्गत ग्राफिक्स नाही. तुमच्या मित्राच्या संगणकात वेगळे कार्ड नसेल, तर प्रोसेसर बसवल्यावर पडद्यावर काहीच दिसणार नाही, आणि रिझॉल्व्हला कार्ड लागतेच. त्याच्याकडे कार्ड असेल तर जरूर बसवा, आणि दोन्ही ठिकाणी रिझॉल्व्हची एकच आवृत्ती ठेवा. नसेल, तर २६०० विकून येणाऱ्या पैशांत रॅमची दुसरी पट्टी घ्या; तिच्यासाठी पुढच्या वर्गणीची वाट पाहावी लागणार नाही.